उरलेल्या लाल भोपळ्याचा त्वचेसाठीं उपयोग

लाल भोपळ्याची ओळख आमच्या शेतकरी बंधूंस करून देण्याचें कारण नाहीं. कोणी त्यास तांबडा भोपळा म्हणतात, कोणी डांगर, कोणी काशीफळ, तर कोठें गंगाफळ. परंतु नांव कोणतेंहि असो, बांधाच्या कडेस, उकिरड्यावर किंवा परसांतील मांडवावर याचा एखादा वेल नाहीं असें शेतकऱ्याचें घर विरळेंच. हें फळ इतकें आपल्या अंगवळणीं पडलें आहे कीं, तें मूळचें अमेरिका खंडांतील असून युरोपियन व्यापाऱ्यांचें येणेंजाणें सुरू झाल्यावर आपल्याकडे आलें, ही गोष्ट पुष्कळांस सांगूनहि खरी वाटत नाहीं. मेक्सिको देशांत याच्या कुळांतील भोपळ्यांची लागवड सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं होत होती, असें तेथील गुहेंत सांपडलेल्या बियांवरून ठरलें आहे.

या फळाच्या अंगीं एक मोठा गुण व एक मोठा दोष आहे. न चिरलेला पक्व भोपळा, देंठ शाबूत असल्यास, हवेशीर माळ्यावर दोन-तीन महिने सहज टिकतो. तोच एकदां चिरला कीं, उघड्यावर दुसऱ्या दिवशीं त्यास वास येऊं लागतो. व शीतकपाटांत ठेविला तरी चार-पांच दिवसांपलीकडे त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. पूर्वीं ही अडचण भासत नसे. अख्खा भोपळा घरांतील बाईनें प्रथम चिरूं नये, पुरुषानें किंवा एखाद्या मुलानें त्यावर पहिला घाव घालावा, ही चाल अजूनहि कित्येक घरीं पाळतात. असा तो चिरला म्हणजे चार शेजाऱ्यांकडे फांका जात, आणि पुढच्या आठवड्यांत त्यांच्या भोपळ्याची फांक आपल्याकडे येई. आतां घरांत माणसें तीन किंवा चार, भोपळा पांच किलोचा, आणि शेजाऱ्याची भाजी बाजारांतून येते. एक दिवस भाजी, एक दिवस घारगे, एक दिवस भरीत, इतकें झाल्यावर चौथ्या दिवशीं मुलें ताटाकडे पाहून तोंड फिरवितात. उरलेली फांक शीतकपाटाच्या तळाशीं जाते व तेथून उकिरड्यावर.

या उरलेल्या फांकेचा हातापायांच्या व चेहऱ्याच्या त्वचेसाठीं कांहीं उपयोग होतो काय, असा प्रश्न आमच्या ओळखीच्या कांहीं भगिनींनीं आम्हांस विचारला. शहरांतील दुकानांत भोपळ्याचें चित्र असलेल्या लेपांच्या डब्या मिळतात. एका डबीच्या किंमतींत आठवडेबाजारांत पांच-सात भोपळे यावे! प्रश्न ऐकून प्रथम आम्हांस हसूं आलें. परंतु त्याच मार्गशीर्षांत आमच्या स्वतःच्या टांचांना अशा भेगा पडल्या कीं, सकाळीं जमिनीवर पाय टेकवितांना भिंतीचा आधार घ्यावा लागे. तेव्हां हसूं आवरून आम्हीं त्या प्रश्नाचा विचार सुरू केला. उमेद महसुली दप्तरांत गेल्यामुळें नोंदीशिवाय कोणतीहि गोष्ट खरी मानण्याची आम्हांस संवय नाहीं. म्हणून दोन हिवाळे जें केलें तें तारीखवार टिपून ठेविलें. त्या टिपणांच्या आधारें व जाणत्या डॉक्टरांकडून जें समजलें त्याच्या आधारें पुढील मजकूर लिहीत आहों.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकूं. भोपळ्यावर पहिला हक्क पोटाचा, दुसरा गोठ्याचा, व तिसरा त्वचेचा. उताऱ्यावर हा क्रम उलटा लागला तर मालकाचें नुकसान आहे. भोपळ्याच्या गरास जो केशरी रंग येतो तो कॅरोटीन नांवाच्या द्रव्यामुळें, आणि शरीर या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतें. हें १९३० सालीं केंब्रिज येथील टॉमस मूर या शास्त्रज्ञानें उंदरांवर प्रयोग करून दाखविलें. अ जीवनसत्त्व डोळ्यांस लागतें तसेंच त्वचेसहि लागतें. तें कमी पडलें म्हणजे रातांधळेपणा येतो आणि कातडी कोरडी पडते. परंतु कॅरोटीनाचें हें रूपांतर मुख्यतः आंतड्यांत होतें, व तेथें तें अंगीं लागण्यास सोबत थोडें तेल किंवा तूप असावें लागतें. गालावर चोपडलेला गर आंतड्यांत जात नाहीं. म्हणून तेलाची फोडणी दिलेली भोपळ्याची भाजी हेंच भोपळ्याचें पहिलें त्वचेचें औषध होय, असें कोणी म्हटलें तर त्यांत विनोद नाहीं.

याच संबंधांत आणखी एक गोष्ट शेतकरी कुटुंबांनीं लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. कित्येक मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व मांड्यांच्या मागें बारीक कण उठून कातडी खवल्याखवल्यांची, हातास कांटे लागावे अशी होते. बेडकाच्या कातडीसारखी ती दिसते म्हणून वैद्यकांत तिला त्याच अर्थाचें नांव आहे, सिलोनमधील डॉ. निकोल्स यांनीं १९३३ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. आरंभीं ही केवळ अ जीवनसत्त्वाची उणीव समजली गेली. पुढें हैदराबाद येथील पोषणविषयक संशोधनांत असें आढळलें कीं, तेलांतील कांहीं आवश्यक स्निग्ध आम्लें व ब गटांतील जीवनसत्त्वें यांच्या अभावाचाहि तिच्याशीं संबंध आहे. आईस वाटतें मुलगा मळलेला आहे, आणि ती बिचारी त्यास दगडानें घांसते. असल्या मुलास बाहेरून कोणताहि लेप लावून कांहीं साधणार नाहीं. त्यास डॉक्टरकडे न्यावें आणि त्याच्या ताटांत तेल, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी यांची भर घालावी.

गोठ्याचा हक्कहि लहान नाहीं. गाय-म्हैस भोपळा आवडीनें खाते. मात्र अख्खी फांक गव्हाणींत टाकूं नये. ती घशांत अडकून जनावर दगावण्याची भीति असते. लहान तुकडे करून द्यावे.

आतां तिसऱ्या हक्काकडे वळूं. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर निर्जीव पेशींचा असतो. घरावर कौलें एकावर एक बसवावीं त्याप्रमाणें त्या बसविलेल्या असून त्यांच्यामध्यें थोडें पाणी व थोडें स्निग्ध द्रव्य असतें, तोंपर्यंत हा थर लवचिक राहतो. हिवाळ्याची कोरडी हवा, वारंवार साबण, माती, आणि अनवाणी चालणें यांनीं तें स्निग्ध द्रव्य धुवून जातें, मागोमाग पाणीहि उडून जातें, थर ताठर होतो, आणि अंगाचा भार पडला कीं टांचेच्या कडेस तो तडकतो. आपल्या काळ्या जमिनीस चैत्र-वैशाखांत भेगा पडतात. ओल गेली, आकसली, फाटली. टांचेचीहि तीच गत.

भोपळ्याच्या गराच्या १०० भागांत सुमारें ९० भाग पाणी असतें. बाकीच्यांत साखर व कांहीं बुळबुळीत द्रव्यें असतात, तीं ओल धरून ठेवितात. तेव्हां शिजविलेला गर म्हणजे एक चांगलें ओलें पोटीस होय, यापेक्षां अधिक कांहीं नाहीं व यापेक्षां कमीहि नाहीं. त्यांत दहीं घातलें तर दह्यांतील दुग्धाम्लानें वरची मेलेली कातडी सैल होते. डाळीचें पीठ घातलें तर मळ निघतो. परंतु भेगाळलेल्या जमिनीस नुसतें पाणी देऊन वर आच्छादन केलें नाहीं तर चार दिवसांत ती पुन्हां जशीच्या तशी होते, हें ज्यास समजतें त्यास पुढचें सर्व समजलें. गर हें पाणी. तेल, तूप, कोकमतेल किंवा मेण हें आच्छादन. पहिल्याशिवाय दुसरें थोडेंफार काम देतें. दुसऱ्याशिवाय पहिलें कांहीं कामाचें नाहीं.

रंग उजळण्याविषयीं विचारतील त्यांस आमचें उत्तर एकच: उजळत नाहीं. मळ व मेलेली कातडी गेल्यावर खालची त्वचा एक-दोन दिवस तकतकीत दिसते, तिला कोणी गोरेपणा म्हणत असल्यास म्हणोत.

लेपासाठीं कच्चा गर वापरूं नये. भोपळा चिरतांना हातांस एक चिकट थर येऊन तो वाळल्यावर कातडी ओढल्यासारखी होते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. कित्येकांच्या बोटांची सालें त्यामुळें निघतात. हें कच्च्या रसाचें काम असून, जी वस्तु हातास ओढते ती गालास लावणें शहाणपणाचें नव्हे. आमच्या घरीं शिजविलेल्या गरापासून हा त्रास कोणास झाला नाहीं. फांकेची साल व आंतील जाळी काढून, तुकडे करून चाळणींत वाफवावे. पाण्यांत टाकून शिजविल्यास गर पातळ होऊन अंगावरून ओघळतो. गार झाल्यावर हातानें कुसकरून जाड्याभरड्या कापडांतून किंवा चाळणीवरून काढावा. तयार भाजी उरली असेल तर ती लेपास चालत नाहीं. तींत मीठ, तिखट व फोडणी असते. ही सूचना वाचून कोणी हंसेल. परंतु आमच्या माहितींत एका घरीं तसें झालेलें आहे.

फांक कोणती घ्यावी हेंहि सांगितलें पाहिजे. कडेला थोडी सुकलेली असेल तर तेवढा भाग कापून बाकीची घेण्यास हरकत नाहीं. चिकट झाली असेल, आंबूस वास येत असेल, किंवा कोठेंहि बुरशीचा ठिपका दिसला तर सर्व फांक टाकावी. आणि चिरतांना एक बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. भोपळा कडू लागला तर तो थुंकून टाकावा व ती फांक माणसानें खाऊं नये, जनावरासहि घालूं नये. त्या कडूपणांत उलट्या-जुलाब करणारें द्रव्य असतें व तें शिजवूनहि जात नाहीं.

टांचांसाठीं आम्हीं केलेली कृति अशी. रात्रीं निजण्यापूर्वीं पाय कोंबट पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें बुडवून ठेवावे. पाणी कढत नको. पाय टिपून घेऊन, एक वाटी गर, दोन चमचे घट्ट ताजें दहीं व एक चमचा तिळाचें तेल एकत्र कालवून टांचांवर बोटभर जाड थर द्यावा, वरून जुन्या धोतराची पट्टी गुंडाळावी, आणि वीस मिनिटें स्वस्थ बसावें. वर्तमानपत्र वाचण्यास हा वेळ चांगला. नंतर धुवून, वजरीनें अगदीं हलक्या हातानें घांसावें. जोरानें घांसणें हा आपल्या लोकांचा मोठा दोष. कातडी जितकी घांसावी तितकी ती अधिक जाड होऊन येते. पाय पुसून झाल्यावर तो अजून दमट असतांनाच कोकमतेल भेगांत भरावें व पायमोजे घालून निजावें. कोंकणांत हा उपाय घरोघर ठाऊक आहे. घांटावरील वाचकांसाठीं सांगतों कीं, कोकमतेल हें कोकमाच्या बियांचें असून थंडींत घट्ट गोळ्याच्या रूपानें मिळतें, व हातावर चोळतांच वितळतें. तें न मिळाल्यास तिळाचें तेल पांच भाग व मधमाशांचें शुद्ध मेण एक भाग वजनानें घेऊन, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यांत ठेवून वितळवावें व डबींत ओतावें. चुलीवर वाटी थेट ठेवूं नये. मेण पेट घेतें.

पहिल्या हिवाळ्यांत उजव्या पायास ही सर्व कृति केली, व डाव्या पायास कोंबट पाणी आणि कोकमतेल एवढेंच ठेविलें. हा प्रकार पाहून घरांतून विचारणा झाली, “अहो, दोन्ही पाय तुमचेच ना? मग डाव्यावर हा अन्याय कां?” अन्याय कां तो वहींत लिहिला आहे. चौथ्या दिवशीं उजव्या टांचेवरील मेलेली कातडी पुष्कळशी सुटली होती व ती स्पर्शास मऊ लागत होती. डावी तशीच खरखरीत होती. आठव्या दिवशीं फरक कमी झाला. बाराव्या दिवशीं दोन्ही टांचांच्या भेगा सारख्याच बुजल्या होत्या, आणि डोळे मिटून हात लावला असतां कोणती कोणाची हें सांगतां आलें नाहीं. दुसऱ्या हिवाळ्यांत उजव्या पायास गराचा लेप दिला परंतु तेल-मेण कांहीं लाविलें नाहीं. रात्रीं टांच लोण्यासारखी होई व सकाळीं पूर्वींपेक्षां कोरडी. सहाव्या दिवशीं एका भेगेंतून रक्त आलें, तेव्हां तो प्रयोग बंद केला.

यावरून भोपळ्याची जी किंमत ठरते ती आम्हांस प्रामाणिकपणें सांगावयाची आहे. भोपळ्यानें काम लवकर सुरू होतें. तें पुरें मात्र तेल करतें. ज्याच्या घरीं फांक उरली आहे त्यानें ती अवश्य वापरावी. ज्याच्या घरीं नाहीं त्यानें टांचांसाठीं भोपळा विकत आणूं नये.

हातांसाठीं कृति याहून सोपी. कापूस वेंचून, कांदा काढून किंवा ऊंसाचें पाचट ओढून आल्यावर हात धुवावे, आणि अर्धी वाटी गरांत दोन चमचे हरभऱ्याच्या डाळीचें पीठ व चमचाभर साय कालवून हातांस चोळावें. पीठ सुकूं लागण्याच्या आधींच धुवून टाकावें व तेलाचीं दोन बोटें फिरवावीं. मात्र पिकावर औषध फवारून किंवा खत टाकून आलेल्या माणसानें भोपळा आठवूं नये. त्यानें प्रथम साबणानें व भरपूर पाण्यानें हात, तोंड, अंग स्वच्छ करावें. तें काम गराचें नव्हे.

चेहऱ्याविषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी अडखळते. दोन चमचे गर, एक चमचा दहीं व अर्धा चमचा मध, हा लेप दहा मिनिटें ठेवून साध्या पाण्यानें धुवावा, आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां. एवढेंच सांगून हें प्रकरण संपविणार होतों. परंतु एक चूक आमच्या हातून झालेली आहे, ती दडवून ठेवणें योग्य नाहीं.

आमच्या पुतणीच्या लग्नास पंधरा दिवस होते. घरांत भोपळा चिरलेला, आम्ही त्या वेळीं या विषयाच्या नादीं लागलेले. मुलीनें लेप कालवला तेव्हां, “त्यांत लिंबू पीळ, रंग खुलेल,” असें सांगणारे आम्हीच. तिनें अर्धें कागदी लिंबू पिळलें, लेप लाविला, घाईनें वरवर धुतला, आणि कांदा काढणाऱ्या बायांची न्याहारी घेऊन भर उन्हांत मळ्यांत गेली. दुसऱ्या दिवशीं गाल लाल झाला व चुरचुरूं लागला. तिसऱ्या दिवशीं बारीक फोड आले, आणि ते बसल्यावर कानशिलापासून हनुवटीपर्यंत, जेथून जेथून रस ओघळला होता तेथें तेथें, काळपट पट्टे उमटले. लिंबाच्या सालींत व रसांत कांहीं द्रव्यें अशीं असतात कीं, तीं त्वचेवर असतांना ऊन लागलें म्हणजे त्वचा पोळते व मागें डाग राहतो, हें त्वचेच्या डॉक्टरांनीं आम्हांस मागाहून समजावून सांगितलें. आधीं विचारलें असतें तर तें आधींहि सांगितलें असतें.

व्याह्यांकडून निरोप आला कीं, मुलीस कांहीं अंगचा विकार आहे काय. निरोपांत रागाचा शब्द नव्हता, परंतु त्यामागें काय आहे तें सर्वांस कळत होतें. तिच्या आईनें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं. पुतणी मात्र आम्हांस एक शब्दहि बोलली नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. शेवटीं डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही स्वतः व्याह्यांच्या गांवीं गेलों, व चूक कोणाची तें त्यांच्या ओट्यावर चार माणसांसमक्ष सांगितलें. नोकरींत आम्हीं पुष्कळांचे जबाब लिहून घेतले. स्वतःचा जबाब देण्याचा तो पहिलाच प्रसंग. माणसें समजूतदार निघालीं. लग्न ठरल्या दिवशीं झालें. डाग पुरे जाण्यास चार महिने लागले, आणि लग्नांतल्या छायाचित्रांत ते अजून दिसतात.

तेव्हां लिंबू चेहऱ्यास लावूं नये. भोपळ्यांत घालूनहि नाहीं, दुधांत घालूनहि नाहीं. खाण्याचा सोडाहि घालूं नये. निरोगी त्वचा किंचित् आम्ल असते. लिंबाचा रस तिच्यापेक्षां पुष्कळच अधिक आम्ल, व सोडा उलट बाजूचा. कोणताहि नवा लेप प्रथम कोपराच्या आंतील बाजूस रुपयाएवढा लावून एक दिवस वाट पाहावी. लग्नकार्याच्या आधीं महिनाभर तर कांहींच नवें करूं नये.

बियांबद्दल थोडें. त्या जाळीसकट टाकून देण्याची रीत वाईट. धुवून सावलींत वाळवाव्या. वाळल्यावर साल सोलून निघणाऱ्या मगजांत निम्म्याच्या जवळपास तेल व सुमारें तिसरा हिस्सा प्रथिनें असतात. वर ज्या आवश्यक स्निग्ध आम्लांचा उल्लेख केला, त्यांपैकीं लिनोलिक आम्ल या तेलांत चांगल्या प्रमाणांत असतें. ऑस्ट्रिया देशाच्या श्टायरमार्क प्रांतांत भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा मोठा व्यवसाय आहे. तेथील भोपळ्याच्या बियांस कठीण टरफलच नसतें. आपल्याकडील एका भोपळ्याच्या बिया घाण्यावर नेल्या तर जें तेल निघेल तें घाण्याचें लाकूडच पिऊन टाकील! म्हणून तो नाद न करतां, मूठभर मगज चार तास भिजवून दुधांत वाटावा व कोपर-गुडघ्यांस चोळावा. आमच्या घरीं वाटण्यापूर्वींच निम्मा मगज नातवंडें खाऊन टाकतात, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं.

हे सर्व लेप त्या त्या दिवशीं करून त्या दिवशीं संपवावे. दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नयेत. पाणी, साखर व दहीं एकत्र आलें म्हणजे जंतूंस जेवणावळच. वास येण्याच्या आधींच त्यांची वाढ झालेली असते. दुकानांतील डबींत तसें होऊं नये म्हणून टिकाऊपणाचीं द्रव्यें घातलेलीं असतात. आपल्यापाशीं तीं नाहींत, तेव्हां डबीहि आपल्यासाठीं नाहीं. गर जास्त असल्यास नुसता वाफविलेला गर, त्यांत कांहीं न मिसळतां, बर्फाच्या कप्प्यांत लहान वाट्यांत गोठवून ठेवावा. लागेल तशी एक वाटी काढावी, व विरघळलेली पुन्हां गोठवूं नये. बचत गटांतील कांहीं भगिनी असे लेप करून विकण्याचा विचार करतात असें ऐकतों. विक्रीसाठीं प्रसाधन तयार करण्यास सरकारी परवाना लागतो, आणि त्यामागें कारण आहे; एका घरांतील चूक एका घरांत राहते, विकलेली चूक पन्नास घरीं जाते.

ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं टांचेच्या भेगांवर घरगुती कांहींहि करूं नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. कोंबट म्हणून घेतलेलें पाणी कढत असलें तरी कळत नाहीं, व लहानशी जखम चिघळून पाय जाण्यापर्यंत मजल जाते. रक्त येणारी किंवा पू धरलेली भेग, गजकर्ण, इसब, आणि तान्हें मूल, यांनाहि भोपळ्यापासून दूर ठेवावें. तळहात पिवळे दिसूं लागल्यास मात्र घाबरूं नये. रोज पुष्कळ भोपळा व गाजरें खाणाऱ्याचे हात कधीं कधीं पिवळसर होतात. डोळ्यांतील पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नव्हे. डोळेहि पिवळे दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें.

आतां मूळ तक्रारीकडे, म्हणजे फांक उरतेच कां याकडे, शेतकरी या नात्यानें पाहूं. आपण अजून आठ-दहा माणसांच्या घरासाठीं भोपळा लावीत आहों. बंगलूर येथील भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेनें काढलेल्या अर्का चंदन या वाणाचें फळ दोन ते तीन किलोचें असून गर जाड, केशरी व कॅरोटीनानें भरलेला असतो. त्याच संस्थेच्या अर्का सूर्यमुखी या वाणाचें फळ तर सुमारें एक किलोचेंच असतें, व फळमाशी त्यास कमी त्रास देते. लहान घरास एक-दोन वेळांत संपणारें फळ हवें असतें, आणि बाजारांतहि असें अख्खें फळ घेणारें गिऱ्हाईक वाढत आहे. ज्यांस गांवरान मोठा भोपळा सोडवत नाहीं (आम्हांसहि सोडवत नाहीं, घारग्यांस त्याची चव निराळी), त्यांनीं परसांत एक वेल त्याचा व दोन लहान फळांच्या वाणाचे लावावे. मात्र जवळजवळ लावलेल्या एका कुळांतील वेलांचें परागीकरण मधमाशा एकमेकांत करतात; अशा फळांतील बी धरलें तर पुढच्या वर्षीं वेलावर काय येईल याचा नेम नाहीं. बियाण्यासाठीं फळ धरावयाचें असल्यास संध्याकाळीं, दुसऱ्या दिवशीं उमलणारी एक मादीकळी व एक नरकळी यांवर कागदी पिशव्या बांधाव्या, सकाळीं फुलें उमलतांच नरफुलाचा पराग मादीफुलास हातानें लावावा, पुन्हां पिशवी बांधावी, आणि देंठास रंगीत दोरा बांधून तें फळ ओळखीचें करून ठेवावें. तोडतांना सर्वच फळांस दोन-तीन बोटें देंठ राखावा; देंठ तुटलेलें फळ आधीं चिरावें.